दफ्तर आणि सूची

परभणी जिल्ह्यांत सातबारा काढावयाचा झाला, म्हणजे विचारणारास प्रथम तालुका, मग गांव आणि शेवटीं गट क्रमांक सांगावा लागतो. हा केवळ दफ्तरी शिष्टाचार नव्हे. नऊ तालुक्यांतील एक, त्यांतील एक गांव, गांवांतील एक गट; पायरीगणिक शोधाचें क्षेत्र आकसत जातें. गांव न सांगतां नुसता गट क्रमांक १२ सांगणारास काय मिळणार? तो गांवोगांव आहे. संगणकाचे कारागीर जिला इंडेक्स म्हणतात, त्या सूचीचाहि स्वभाव असाच. अनेक रकाने जोडून केलेल्या सूचींतील पहिलाच रकाना प्रश्नांतून गाळला, तर यंत्रास बहुधा सारें भांडार चाळावें लागतें.

श्रोत्यांनीं एक गंमत ध्यानीं घ्यावी. सातबारा जमिनीच्या क्रमानें लावलेला, आठ-अ खातेदाराच्या क्रमानें. जमीन तीच, वाटा दोन. ‘हा गट कोणाचा?’ हें सातबाऱ्यास विचारावें. ‘या खातेदाराची गांवांत एकूण जमीन किती?’ हें आठ-अ ला. मात्र प्रत्येक वाटेचें भाडें असतें. एक विक्री झाली कीं फेरफार नोंदवहींत नोंद, मग सातबाऱ्यांत दुरुस्ती, मग आठ-अ मध्येंहि. दिसेल त्या रकान्यावर सूची उभारली, तर वाचणाराचा वेळ वाचतो आणि लिहिणाराचा जातो. शिवाय जिरायत कीं बागायत अशा दोनचार उत्तरांच्या रकान्यावर सूची करून फारसें साधत नाहीं. अर्धी वही एकाच शब्दाखालीं आली, तर ती सरळ वाचलेली बरी.

प्रश्न कसा विचारला, यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. ‘पाथ’नें आरंभ होणारीं आडनांवें सूचींत शेजारी शेजारी बसतात. ‘कर’नें संपणारीं मात्र सर्वत्र विखुरलेलीं, तेथें सूची असून नसल्यासारखी.

याची खरी झळ २०२३ सालीं दिसली. निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली आणि मराठवाड्यांतील जुन्या कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कागद मोडींत होते, उर्दूंतहि होते. परंतु महसुली दफ्तर गांववार लावलेलें असतें, जातवार नव्हे. एका शब्दासाठीं पानामागून पान वाचणें आलें, आणि कुटुंबाचा दाखला त्या एका शब्दावर अडलेला! ज्यास पणजोबांचें गांव ठाऊक, त्याचा शोध एका गांवापुरता. ज्यास ठाऊक नाहीं, त्याला साऱ्या जिल्ह्याचें दफ्तर.

कागदांचीं छायाचित्रें संगणकांत ठेवलीं म्हणजे सूची झाली, असें मात्र नव्हे. गांव, साल व नांव हीं टिपणें प्रत्येक पानास जोडावीं लागतात, आणि त्यासाठीं तें पान आधीं कोणीतरी वाचावें लागतें. मोडी वाचणारे तर थोडेच उरले आहेत.