पडलेल्या पुलांची साक्ष



पूल बांधणाऱ्या अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय परिषद म्हटली की एक ठराविक दृश्य डोळ्यांसमोर येते. प्रशस्त सभागृह, देशोदेशींचे प्रतिनिधी, पडद्यावर उंच मनोऱ्यांची आणि लांबच लांब गाळ्यांची चित्रे, आणि काही महिन्यांनी हाती पडणारे जाडजूड इतिवृत्त. या दृश्यात खोटे काही नाही. परंतु अशा परिषदांचे खरे मोल त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी उभ्या पुलांपेक्षा पडलेल्या पुलांकडे पाहावे लागते. मी अभियंता नाही. भाषांतर हा माझा व्यवसाय आहे. तथापि एकाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत पोहोचतो कसा आणि वाटेत हरवतो कसा, हा प्रश्न माझ्याही व्यवसायाचा आहे. म्हणून त्याविषयी बोलण्याचे धाडस करतो आहे.

पूल आणि संरचना अभियांत्रिकीची आंतरराष्ट्रीय संघटना १९२९ साली स्थापन झाली. तिचे कार्यालय स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे आहे. १९३२ साली पॅरिसला तिचे पहिले अधिवेशन भरले. पुढे १९९२ आणि २०२३ साली नवी दिल्लीलाही तिची अधिवेशने झाली. पहिले महायुद्ध संपून जेमतेम दहा वर्षे झाली असताना, ज्या राष्ट्रांनी एकमेकांचे पूल उडविले होते त्यांचेच अभियंते इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांतून एकत्र काम करू लागले. कारण उघड होते. पोलाद ज्या भाराखाली फ्रान्समध्ये वाकते, त्याच भाराखाली ते जर्मनीतही वाकते.

पुलाच्या बाबतीत एक मूलभूत अडचण आहे. यंत्राचा नमुना कारखान्यात मोडेपर्यंत चालवून पाहता येतो. पुलाचे तसे करता येत नाही. प्रत्येक मोठा पूल त्या नदीवर, त्या वाऱ्यात, त्या जमिनीवर प्रथमच उभा राहत असतो. त्यामुळे पूल पडतो तेव्हा तो कोणीही न मागितलेला एक प्रयोगच ठरतो. त्याचे मोल माणसांच्या प्राणांनी चुकते झालेले असते. निदान त्यातून मिळालेले ज्ञान तरी वाया जाऊ नये, एवढीच अपेक्षा उरते.

ते वाया कसे जाते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज या झुलत्या पुलाचे. १ जुलै १९४० रोजी तो वाहतुकीस खुला झाला. त्याचा मधला गाळा ८५३ मीटरांचा असून रस्त्याची तुळई अतिशय बारीक आणि लवचीक होती. ७ नोव्हेंबरला ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात तो पिळवटू लागला आणि कोसळला. सुदैवाने माणूस दगावला नाही. वाऱ्याचा दाब अभियंत्यांनी हिशेबात धरला होता. वाऱ्याने पूल हलू लागतो, ही गोष्ट मात्र निसटली होती. विशेष म्हणजे ती नवी नव्हती. वेल्समधील मेनाई पुलाची १८३९ च्या वादळात हानी झाली होती. ओहायो नदीवरील व्हीलिंगचा पूल १८५४ साली वाऱ्याने हिंदकळून मोडला होता आणि त्याचे वर्णन वृत्तपत्रांत छापून आले होते. ज्ञान होते, पिढी बदलली आणि ते विसरले गेले.

या विस्मरणालाही एक लय आहे, असे १९७७ साली पॉल सिबली आणि ॲलिस्टर वॉकर या संशोधकांनी दाखविले. इंग्लंडमधील डी नदीचा पूल १८४७ साली पडला, स्कॉटलंडमधील टे नदीचा १८७९ साली, कॅनडातील क्वेबेकचा १९०७ साली, टॅकोमाचा १९४० साली आणि वेल्समधील मिलफर्ड हेवनचा १९७० साली. प्रत्येक दोन घटनांमध्ये साधारण तीस वर्षांचे अंतर आहे, म्हणजे एका पिढीचे. नवा प्रकार प्रथम भीत भीत हाताळला जातो. यश मिळत जाते, गाळे लांबत जातात, तुळया बारीक होत जातात. ज्या गृहीतांवर पहिली आकडेमोड केलेली असते, ती पुढच्या पिढीला ठाऊकही नसतात.

मिलफर्ड हेवनची घटना एकटी नव्हती. पेटीसारख्या पोकळ पोलादी तुळयांचे पूल त्या काळी सर्वत्र बांधले जात होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये व्हिएन्नाला डॅन्यूबवरील अशाच पुलाचे पत्रे वाकले. जून १९७० मध्ये मिलफर्ड हेवनला चार माणसे मेली. १५ ऑक्टोबर १९७० रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे वेस्ट गेट पुलाचा ११२ मीटरांचा एक गाळा बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि पस्तीस कामगार ठार झाले. तेथे तुळईचे उभे दोन अर्धे भाग जमिनीवर तयार करून वर चढविले होते, परंतु वर गेल्यावर त्यांच्या उंचीत सुमारे ११४ मिलिमीटरांचा फरक निघाला. तो घालविण्यासाठी काँक्रीटचे जड ठोकळे वर ठेवण्यात आले. त्या भाराने पत्र्याला फुगवटा आला. फुगवटा काढण्यासाठी जोडाचे बोल्ट सोडण्यात आले, आणि गाळा खाली आला. कामगारांच्या विश्रांतीच्या खोल्या त्याच गाळ्याखाली होत्या. पुढे नोव्हेंबर १९७१ मध्ये जर्मनीतील कोब्लेन्झला तेरा माणसे मेली.

दोन वर्षांत चार देशांत चार पूल! प्रत्येक ठिकाणचे तात्कालिक कारण निराळे होते, परंतु दुखणे एकच होते. पातळ पत्रा दाबाखाली केव्हा वाकतो, आणि पूल पुरा होण्यापूर्वीच्या अर्धवट अवस्थेत त्याच्यावर काय ओढवते, याची जाण अपुरी होती. ब्रिटनमध्ये मेरिसन समितीने नवे नियम घालून दिले. फेब्रुवारी १९७३ मध्ये लंडनला याच प्रकारच्या पुलांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. चार देशांतील चार दुर्दैवांना तोपर्यंत चार स्थानिक अपघातांचे रूप होते. अशा परिषदेत ती शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. परिषदेचे मोल आहे ते येथे.

मात्र त्यासाठी कोणीतरी बोलावे लागते. १० जून २००० रोजी लंडनचा मिलेनियम पादचारी पूल खुला झाला आणि गर्दीच्या पावलांनी आडवा डुलू लागला. दोन दिवसांत तो बंद करावा लागला. त्याच्या अभियंत्यांनी संशोधन केले आणि कारण व उपाय दोन्ही जाहीरपणे प्रसिद्ध केले. २००२ साली केवळ पादचारी पुलांसाठी पॅरिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा जगभरच्या अभियंत्यांपुढे तो अनुभव होता. फजितीची कबुली देण्यात त्या अभियंत्यांची प्रतिष्ठा गेली नाही. उलट ती वाढली.

आता आपल्याकडे वळू. ५ जुलै १९८६ रोजी गोव्यात पणजीचा मांडवी पूल कोसळला. तो पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा होता. म्हणजे काँक्रीटच्या पोटातील ताणलेल्या पोलादी तारांवर त्याची मदार होती आणि खाऱ्या हवेत त्या तारांनाच गंज चढला होता. त्याच वर्षी पूर्वप्रतिबलित काँक्रीटच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे अधिवेशन नवी दिल्लीला भरले होते, हा योग विचार करण्यासारखा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुराने ब्रिटिश अमदानीतील दगडी कमानींचा पूल नेला आणि त्याबरोबर प्रवाशांनी भरलेल्या दोन एस. टी. गाड्या. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसे मेली. त्याच्या एका मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या, असे विशेष चौकशी पथकाला आढळले.

गंज काय करतो, हे २०२२ साली कोणत्याही परिषदेला नवे नव्हते. झुरिचपासून दिल्लीपर्यंत आलेले ज्ञान मोरबीच्या त्या दोरापर्यंत मात्र पोहोचले नाही. शेवटचा हा टप्पाच सर्वांत कठीण आहे. तेथे पुलाची देखभाल करणारा कनिष्ठ अभियंता असतो, कंत्राटदार असतो, नगरपालिकेचा सभासद असतो आणि तिकीट काढून पुलावर जाणारा नागरिक असतो. यांपैकी कोणीही परिषदेला जात नाही आणि तिचे इतिवृत्त ज्या भाषेत छापलेले असते ती पुष्कळांना वाचता येत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पूल पडला की चौकशी होते. त्या चौकशीचा अहवाल छापला जावा, तो तेथील लोकांच्या भाषेत असावा आणि गावच्या ग्रंथालयात मागितल्यावर मिळावा. वेस्ट गेटच्या चौकशीचा अहवाल १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि आजही विद्यार्थी तो अभ्यासतात. त्या पस्तीस कामगारांना त्याचा उपयोग नव्हता. पुढे ज्यांचे प्राण वाचले त्यांना आपण वाचलो हे कळलेही नसेल. सावित्रीच्या पुरात गेलेल्या प्रवाशांचे आपण निदान एवढे देणे लागतो.