कार्यकारिणीवर कोण बसतं?
गावच्या वाचनालयाच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर माणसं येतात कशी? उत्तर संस्थेच्या घटनेत असतं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेत बहुधा सर्वसाधारण सभा मतदानानं कार्यकारिणी निवडते. न्यासात मात्र पुष्कळदा उरलेले विश्वस्तच रिकाम्या जागी नवा विश्वस्त नेमतात, आणि घराणेशाही शिरते ती इथंच. हवी असतात हिशेब समजणारी, प्रश्न विचारणारी माणसं. येतात अध्यक्षांचे भाचे नि मेहुणे! निवड झाली की महाराष्ट्रात ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो. निवडीला हरकत घ्यायची तर तीही तिथंच. तुम्ही सभासद असाल, तर संस्थेची घटना मागून वाचा आणि पुढच्या वार्षिक सभेला जरूर जा.