गोदावरीचा गाळ, समुद्राची साक्ष

त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहत आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाळ्यात ती महाराष्ट्रातली मातीही सोबत नेते. जड वाळू मुखाजवळ बसते. बारीक चिकणमाती मात्र लाटा आणि प्रवाहांबरोबर पुढे जाते आणि खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेच्या उतारावरून खोल पाण्यात उतरते.

समुद्रतळावरची ही माती कुठली, हे कसं ओळखायचं? नदीच्या वरच्या खोऱ्यात दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट आहे. खाली पूर्व घाटाकडे त्याहून कितीतरी जुने खडक. दोन्हींमधल्या निओडायमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं असतं. हजारो वर्षांनीही ते मातीचं मूळ सांगतं.

२००६ मध्ये ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजानं गोदावरीच्या मुखासमोर, हजार मीटरहून खोल पाण्यात, तळातला गाळाचा स्तंभ काढला. त्याच्या अभ्यासातून दिसलं, की गेल्या सुमारे चार हजार वर्षांत दख्खनच्या मातीचा वाटा वाढत गेला. पाऊसमान घटलं, झाडोरा विरळ झाला, पुढे शेती पसरली आणि उघड्या जमिनीची धूप वाढली.

आज बराच गाळ जायकवाडीसारख्या धरणांत अडतो. त्यामुळे त्रिभुज प्रदेशाची भर घटते आणि जलाशयही भरत जातात. म्हणूनच बांधबंदिस्ती, गवताचं आच्छादन आणि उतारावरची झाडं जपायला हवीत. शेतातली माती शेतातच राहिली, तर पीक आणि धरण दोन्ही टिकतील.