जुन्या इमारतींतील मालवाहू उद्वाहक : सुरक्षितता आणि उत्तरदायित्व



औद्योगिक सुरक्षिततेचा विषय निघाला की बाष्पक, रसायने आणि वीज यांचा उल्लेख प्रथम होतो. मालवाहू उद्वाहकाकडे, म्हणजे बोलीभाषेतील ‘मालाच्या लिफ्ट’कडे, सहसा दुर्लक्ष होते. मुंबईतील औद्योगिक वसाहतींचे बहुमजली गाळे असोत वा कोलकात्यातील जुन्या व्यापारी इमारती, कापडाचे गठ्ठे आणि यंत्रांचे सुटे भाग वरच्या मजल्यांवर नेण्याचे काम हे साधन वर्षानुवर्षे करीत आले आहे. इमारत जीर्ण होते, मालकी विभागली जाते, दुरुस्ती लांबणीवर पडते. उद्वाहक मात्र रोज चालतच राहतो.

धोका नेमका कोठे?

दोर तुटून पिंजरा कोसळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः दोर तुटताच पिंजरा रुळांवर जखडून ठेवणारी युक्ती एलिशा ओटिस यांनी १८५० च्या दशकातच न्यूयॉर्क येथे जाहीररीत्या दाखविली होती. दुर्लक्षित उद्वाहकात अधिक जवळचा धोका दाराशी आणि ब्रेकशी असतो.

पिंजरा मजल्यावर नसताना दार उघडू नये आणि दार उघडे असताना पिंजरा हलू नये, यासाठी दाराला ‘इंटरलॉक’ असतो. तो झिजला की उद्वाहक वारंवार अडतो. काम खोळंबू नये म्हणून तारेचा तुकडा जोडून तो निकामी केला जातो. मग अंधाऱ्या मजल्यावर, डोक्यावर ओझे घेतलेला हमाल पिंजरा समोर आहे असे समजून मोकळ्या पोकळीत पाऊल टाकतो.

दुसरा धोका अतिभाराचा. पिंजऱ्याला तोलून धरणारे प्रतिवजन साधारणतः रिकाम्या पिंजऱ्याचे वजन अधिक नियत भाराचा ४० ते ५० टक्के हिस्सा इतके असते. नियत भार १,००० किलो आणि हा हिस्सा ५० टक्के धरला, तर पूर्ण भारात ५०० किलोचा असमतोल उरतो. त्याच पिंजऱ्यात १,५०० किलो माल चढविला की असमतोल १,००० किलो होतो. भार दीडपट, परंतु ब्रेकवरील ताण दुप्पट! झिजलेला ब्रेक अशा वेळी घसरतो आणि माल उतरविणारा कामगार पिंजरा व मजला यांच्यामध्ये सापडतो.

कायद्याची चौकट

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २८ ने उद्वाहकाची किमान सहा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी, कमाल सुरक्षित भाराचा ठळक फलक आणि इंटरलॉक असलेली दारे आवश्यक ठरविली. मात्र अधिनियमापूर्वी बसविलेल्या व या निकषांत पूर्णपणे न बसणाऱ्या उद्वाहकांचा वापर अटींवर चालू ठेवण्याची मुभा देण्याचा अधिकार मुख्य निरीक्षकांना होता. हा अधिनियम धरून तेरा केंद्रीय कायदे एकत्र करणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे.

कारखान्याबाहेरील गोदामे व व्यापारी इमारती यांना राज्यांचे कायदे लागू होतात. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये असा कायदा केला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आणला. उत्तर प्रदेशाचा कायदा मात्र २०२४ मधील आहे. राज्याराज्यांतील ही तफावत लक्षात घेण्याजोगी आहे.

उत्तरदायित्व कोणाचे?

तांत्रिक उपाय ज्ञात आहेत आणि ते फारसे खर्चिकही नाहीत. अडचण आहे ती जबाबदारी निश्चित करण्याची. मूळ मालक भाड्यापुरता उरतो, गाळेधारक खर्चाच्या वाटणीवर अडून बसतात, आणि जोखीम उचलतो तो रोजंदारीवरील हमाल. त्याचा इमारतीशी कोणताही करार नसतो. राज्यघटनेचा अनुच्छेद ४२ कामाच्या न्याय्य व मानवी परिस्थितीची तरतूद करण्यास राज्यसंस्थेला सांगतो. त्याचा अर्थ अशा ठिकाणी कसास लागतो.

म्हणून प्रत्येक उद्वाहकासाठी एक जबाबदार व्यक्ती नामनिर्देशित व्हावी, तपासणीची तारीख व नियत भार दारावरच प्रादेशिक भाषेत लिहिला जावा, आणि देखभालीचा करार नसलेल्या उद्वाहकाचा वीजपुरवठा खंडित करावा. बंद उद्वाहकामुळे व्यापाराची गैरसोय होते, हे खरे. परंतु सदोष उद्वाहक चालू ठेवण्याची किंमत, निर्णयात ज्याला कोणतेही स्थान नाही, त्या कामगाराला द्यावी लागते.