हरकतीचे साठ दिवस

(नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहराचा विकास आराखडा सामान्य नागरिकाला सहसा दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम. एके दिवशी मोजणीदार दारात येतो, भिंतीवर लाल खूण करतो आणि घरधनी विचारतो, "हे ठरले तरी कधी?" उत्तर मिळते, "आराखड्यातच आहे. त्या वेळी हरकत का घेतली नाही?" या प्रश्नापुढे भल्याभल्यांची वाचा बसते. ती बसू नये, एवढ्यासाठीच आज आम्ही आपणांशी बोलणार आहोत.

मोर्चा कसा काढावा हे सीमाभागातील जनतेला कोणी शिकवावयास नको. हरताळ, सत्याग्रह आणि कारावास यांचा अनुभव येथील घराघरांत आहे. परंतु ज्या जिद्दीने आपण रस्त्यावर उतरतो, तिच्या दशांश जिद्दीनेही आपण नगररचनेच्या कचेरीत जाऊन नकाशा उघडून पाहत नाही. वास्तविक हा नकाशा पाहण्याचा आणि त्यावर हरकत घेण्याचा हक्क कायद्यानेच आपणांस दिलेला आहे.

तो कायदा म्हणजे कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१. घरे कोठे व्हावीत, बाजार आणि कारखाने कोठे असावेत, शेती कोठे राहावी, रस्ता किती रुंद असावा आणि मुलांना खेळावयास मैदान कोठे सोडावे, हे सारे या कायद्याखालील आराखडा ठरवितो. नकाशावर बहुधा पिवळा रंग वस्तीचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा आणि हिरवा शेतीचा किंवा उद्यानाचा असतो. ज्याला हे चार रंग ओळखता आले, त्याला निम्मा आराखडा वाचता आला असे समजावे.

या कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे सरकारची तात्पुरती मान्यता मिळाल्यावर आराखडा जाहीर करावा लागतो आणि जनतेकडून सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी मुदत असते ६० दिवसांची. या मुदतीत लेखी आलेल्या सूचनांचा विचार करूनच नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे आपल्याकडे ज्याला सारे 'बुडा' म्हणतात त्या कचेरीने, आराखडा पुन्हा सरकारकडे पाठवावयाचा असतो. एकदा अंतिम मंजुरी मिळाली, की त्याविरुद्ध बांधकामाला परवानगी मिळत नाही. किमान दर १० वर्षांनी या आराखड्याची फेरतपासणी व्हावी असेही कायदा सांगतो. अर्थात आज चुकलेली संधी पुन्हा यावयास एक तप लोटण्याचा संभव आहे.

याखेरीज दुसरी एक वाट आहे आणि तिच्यावर अधिक बारीक नजर ठेवावयास हवी. मंजूर आराखड्यातील एखाद्या जागेचा वापर मध्येच बदलावयाचा असेल, तर कायद्याच्या १४-अ कलमाखाली तो प्रस्ताव त्या भागात खपणाऱ्या दैनिकात प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. येथे मुदत किमान १५ दिवसांची आहे. अशी जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते आणि तिच्यावरून आपली नजर सहज घसरते. प्रत्येक गल्लीतील एका तरी माणसाने हे काम आपल्या शिरावर घ्यावे, अशी आमची सूचना आहे.

हरकत घेणार कोण? "आम्ही तर भाडेकरू, आमचा काय संबंध?" असे पुष्कळजण म्हणतात. हा गैरसमज आहे. लेखी सूचना जनतेतील कोणालाही करता येते. त्यासाठी सातबारा किंवा उतारा नावावर असावा लागत नाही. मैदान गेले तर ते भाडेकरूच्याही मुलाचे जाते. रस्ता रुंद झाला तर घरमालकाबरोबर दुकानदार व फेरीवाला हेही उठतात. म्हणून घरमालकाइतकाच हा प्रश्न त्यांचाही आहे.

आता भाषेचा प्रश्न घेऊ, कारण आपल्यापैकी अनेकांचे पाऊल तेथेच अडते. नोटीस समजली नाही, म्हणून अर्ज केला नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. भारतीय राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे करण्याचा हक्क दिला आहे. अर्ज मराठीत आहे, एवढ्या कारणावरून तो परत करण्याचा अधिकार कोणाही कारकुनाला नाही. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्यकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, हे भाषिक अल्पसंख्यकांच्या संरक्षणाच्या राष्ट्रीय योजनेत मान्य केलेले आहे. तेव्हा आराखड्याची नोटीस मराठीतही मिळावी ही मागणी प्रत्येक अर्जात पहिल्या परिच्छेदातच लिहावी. मात्र नोटीस मिळेपर्यंत वाट पाहत बसू नये. मुदत कोणासाठी थांबत नाही. मराठी अर्जासोबत कन्नड भाषांतर जोडण्यानेही आपला हक्क तिळमात्र उणा होत नाही. नाकारणाऱ्याची सबब मात्र उणी होते. अभिमान आणि व्यवहार यांत येथे विरोध नाही.

अर्ज कसा लिहावा? प्रथम कचेरीत जाऊन आपल्या भागाचा नकाशा, त्यासोबतचा अहवाल आणि बांधकामाचे नियम ही तिन्ही पाहावीत. प्रत न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येते. परंतु त्या उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून तो अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा. नंतर आपला सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर नकाशावर शोधावा. अर्जात चार गोष्टी स्पष्ट याव्यात: नकाशात काय दाखविले आहे, प्रत्यक्ष जागेवर काय आहे, त्यामुळे कोणाचे कोणते नुकसान होईल, आणि त्याऐवजी काय करावे. जागेचे छायाचित्र, उतारा, कराची पावती यांच्या प्रती जोडाव्यात. "हा अन्याय आहे, आराखडा रद्द करा" एवढेच लिहिलेल्या हजार अर्जांपेक्षा, "अमुक सर्व्हे नंबरातून जाणारा रस्ता शेजारच्या सरकारी पडीक जागेतून नेता येतो" असे सांगणारा एक अर्ज बाजूला सारणे अधिकाऱ्याला अधिक जड जाते. अर्ज दिल्यावर शिक्क्याची पोच घ्यावी. ती मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. पुढे न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आलीच, तर हाच कागद आपला साक्षीदार ठरतो.

प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, ही मागणीही अर्जातच नमूद करावी. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्याखाली हरकतदाराचे म्हणणे ऐकण्यासाठी नियोजन समिती बसते. आपल्याकडे मात्र मुख्य भर लेखी सूचनेवर आहे. सुनावणी मिळाली तर तेथे भाषण करू नये. एका मुद्द्यावर एकानेच बोलावे, नकाशावर बोट ठेवून बोलावे आणि बोललेले लिहून हाती द्यावे.

केवळ कागदाने सरकार हलते काय, असे कोणी विचारील. शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तेथे २०११ सालासाठीचा प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये जाहीर झाला, तेव्हा गोवा बचाव अभियानाच्या नेतृत्वाखाली जनता रस्त्यावर उतरली आणि २००७ च्या आरंभी सरकारला तो मागे घ्यावा लागला. हा विजय मोर्च्याचा होता हे खरे. पण त्यानंतर २०२१ च्या आराखड्याचे काम निघाले, तेव्हा गावागावांतून लोकांनी आपल्या गावाचे नकाशे तपासले. डोंगर, झरे आणि शेते यांवर खुणा करून दिल्या. घोषणांना जे साधले नसते ते त्या खुणांनी साधले. पुढचा भाग त्याहून बोधप्रद आहे. २०२३ मध्ये तेथील कायद्यात १७(२) हे कलम आले आणि 'चुकीची दुरुस्ती' या नावाखाली एकेका जागेचा वापर बदलण्याची वाट उघडली. नागरिकांनी हे प्रकरण न्यायालयात नेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालील नियम रद्द केले. संपूर्ण आराखड्याला विरोध करणे सोपे असते. एकेक सर्व्हे नंबर राखणे कठीण असते. आणि जमिनी बहुधा एकेक करूनच जातात.

मुंबईचाही दाखला आहे. २०३४ सालापर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते आणि गाळल्या गेलेल्या वारसावास्तू नागरिकांनी दाखवून दिल्या. हजारो हरकती आल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये तो मसुदा नव्याने करण्याचा आदेश राज्य सरकारला काढावा लागला.

शेवटी एक कडू गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आराखडा बिघडविणारे सारेच परके नसतात. आपल्याच शिवारातील हिरवा रंग पिवळा व्हावा, गुंठ्यागुंठ्याने भूखंड विकता यावेत, म्हणून आपल्यातीलच काहीजण कचेरीचे उंबरे झिजवीत असतात. कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला आम्ही दोष देणार नाही. भाताने त्याचे पोट भरत नसेल, तर त्याचेही म्हणणे ऐकले पाहिजे. तथापि बळ्ळारी नाल्याच्या काठची शेते पावसाळ्यात पाण्याखाली जातात, हे प्रत्येक बेळगावकराला ठाऊक आहे. त्या पाण्याची जागा आज घरांना दिली, तर उद्या ते पाणी घरांतच शिरणार. एकट्याच्या फायद्याची मागणी आणि गावाच्या हिताची हरकत यांतील निवाडा प्रथम आपण आपल्याच बैठकीत केला पाहिजे. तो न करता कचेरीत गेलो, तर तेथे आपणच एकमेकांविरुद्ध उभे राहू आणि निर्णय तिसराच कोणी घेईल.

म्हणून आमची विनंती अशी. प्रत्येक गल्लीतील मंडळाने व महिला मंडळाने आपल्या भागाच्या नकाशाची मोठी प्रत करून सभागृहात लावावी. वाचता येणाऱ्या तरुणांनी संध्याकाळी तेथे बसून प्रत्येक घराला त्याची जागा दाखवावी, अर्ज लिहून द्यावेत आणि पोच मिळालेल्या अर्जांची वही ठेवावी. नोटीस निघेल तो पहिला दिवस. त्या दिवसापासून साठ मोजावयाचे आहेत आणि साठाव्या दिवसाच्या संध्याकाळी त्या वहीत आपल्या गल्लीतील एकही घर सुटलेले असता कामा नये.