थोड्या चकत्या उरल्या म्हणजे



पत्त्यांवर व्याख्यान म्हटल्यावर काही ज्येष्ठ मंडळींच्या भुवया वर गेलेल्या आम्ही पाहिल्या. जुगाराची भलावण करण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. आमचा प्रश्न एवढाच, की जवळचे बळ घटत चालले असता माणसाने थांबावे केव्हा आणि उडी घ्यावी केव्हा? पोकरच्या स्पर्धेत तो फार स्वच्छ मांडलेला दिसतो.

टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पाने मिळतात व पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडतात. आपल्या तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ म्हणजे पाने न पाहता खेळणे. येथे मात्र तो पाने वाटण्यापूर्वी पाळीपाळीने दोघांनी भरावयाचा सक्तीचा भरणा होय. स्पर्धेत तो ठराविक वेळाने वाढतो. म्हणजे स्वस्थ बसणेही फुकट नाही.

समजा, ब्लाइंड 500 व 1,000 आहेत आणि आपल्यापाशी 8,000 च्या चकत्या आहेत. एका फेरीस 1,500 जातात. म्हणजे आपले आयुष्य पाच फेऱ्यांचे. डॅन हॅरिंग्टन या खेळाडूने आपल्या ग्रंथात या भागाकाराला ‘एम’ म्हटले आहे. पॉल मॅग्रिएल यांच्या आडनावावरून ते अक्षर आले. नऊ जणांच्या मेजावर पाच फेऱ्या म्हणजे 45 डाव. एक्क्यांची जोडी तर सरासरीने 221 डावांत एकदा येते! तिची वाट पाहणाऱ्याचे काय होणार, हे सांगावयास नकोच.

मग काय करावे? नुसता कॉल करून 1,000 भरले, तर आठवा हिस्सा जातो आणि भीत मात्र कोणी नाही. बरी पाने असतील, मागे बोलणारे थोडे उरले असतील, तर सर्व 8,000 पुढे सारावेत. यात जिंकण्याच्या वाटा दोन. सर्वांनी पाने टाकली तर 1,500 विनासायास मिळतात. कोणी भिडलाच, तर पाने सरस ठरू शकतात. दुसऱ्याने सर्व पुढे सारल्यावर कॉल करणाऱ्याला ही दुसरी वाटच तेवढी उरते. म्हणून कॉलला रेझपेक्षा चांगली पाने हवीत. नसतील तर ती टाकण्यात कमीपणा नाही.

आता समोरच्याच्या खुर्चीत बसून पाहू. मोठा ब्लाइंड भरलेल्याला आणखी 7,000 घालून मेजावरचे 9,500 मिळवायचे आहेत. त्याला शंभरात 42 वेळा तरी जिंकले पाहिजे. तो विचारात पडतो. पण आपल्यापाशी 2,000 च उरले असते, तर 1,000 घालून 3,500 चा सौदा! शंभरात 22 वेळा जिंकणे पुरे. तो जवळजवळ कोणत्याही पानांवर भिडेल. आपला धाक संपलेला असतो.

मित्रांत चिंचोके मांडून खेळताना आमची अशीच फजिती झाली. एक्के येईपर्यंत आम्ही दबून बसलो. ते आले तेव्हा तीन चिंचोके उरले होते! तिघे हसत भिडले. डाव आम्ही जिंकलो, तरी पुढल्या दोन फेऱ्यांत बाहेर.

1982 साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत जॅक स्ट्रॉस एका उरलेल्या चकतीवरून विजेता झाला व 5,20,000 डॉलर घेऊन गेला. लोक ही गोष्ट आवडीने सांगतात. तिच्यावरून आशा सोडू नये हे शिकावे. शेवटच्या चकतीपर्यंत थांबावे, हे शिकू नये. हरण्याचे भय त्यानेही टळत नाही. निर्णयात जोर आहे तोवरच तो घ्यावा, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.