हप्ता आणि हंगाम



पहिले घर घेताना मनुष्य किमतीची घासाघीस पुष्कळ करतो. पण श्रीगोंद्यासारख्या गावात किमतीहूनही तारीख अवघड, असे आमचे मत आहे.

आपल्या तालुक्यातील कितीतरी संसार उसावर चालतात. ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिल मात्र अनेकदा तुकड्यातुकड्यांनी आणि उशिरा येते. ते आले नाही की बाजारपेठेतल्या दुकानदाराची उधारीही अडकते. पीककर्ज याला सरावलेले आहे. त्याची थकबाकी पिकाच्या हंगामावरून धरतात. घराच्या कर्जाला हंगाम ठाऊक नाही. 90 दिवसांहून अधिक थकले, की खाते अनुत्पादक ठरते. ऊस अजून फडात उभा आहे, ही सबब तेथे चालत नाही.

आता आकडे मांडू. घर 20 लाखांचे धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. म्हणजे फार तर 18 लाख. उरलेले 2 लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक या किमतीत धरत नाही (10 लाखांपर्यंतच्या घराला तेवढी सवलत देता येते), म्हणून तीही आपल्याच गाठीची. दुय्यम निबंधक कार्यालयात हा आकडा आधी विचारून घ्यावा. वास्तुशांतीच्या जेवणावळीचा अंदाज सगळे करतात, याचा मात्र राहून जातो!

शेकडा 9 व्याजाने 18 लाखांचा 20 वर्षांचा हप्ता सुमारे 16,195 रुपये बसतो आणि एकूण फेड जवळजवळ 39 लाखांवर जाते. म्हणून सौद्याची बोलणी करण्यापूर्वी सहा हप्त्यांचे, सुमारे 97 हजार रुपये, वेगळ्या खात्यात ठेवावेत असे आम्ही सुचवतो. तेवढे साठत नसतील, तर घर लहान घ्यावे किंवा वर्षभर थांबावे. भाड्याच्या खोलीत आणखी एक पावसाळा काढण्यात कमीपणा कसला?

उसाचे बिल आल्यावर त्यातून प्रथम हे खाते पुन्हा भरावे. उरलेली रक्कम कर्जाच्या मुद्दलात टाकावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीपूर्वी फेड केल्याबद्दल व्यक्तीकडून दंड घेता येत नाही. त्या वेळी हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, असे बँकेला लेखी कळवावे आणि नवे वेळापत्रक मागून घ्यावे.